पावाच्या गाडीचं दार

दारावर पुन्हा टकटक झाली आणि थोरलीच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली…

तिने आधी शेगडी विझवली, मग दिवा. उसवलेली पँट मांडीवरून सरकवून ती फळीवर आडवी झाली आणि तोंडावर हात दाबून पडून राहिली. बाहेर जेमतेम दिवेलागण होत होती, रस्त्यावर माणसांची ये-जा होती, कुणीतरी मोठ्यानं हसत गेलंसुद्धा. घाबरावं अशी वेळच नव्हती ती. पण भीतीला कुठं घड्याळ कळतं! तिच्या छातीत असं काही धडधडत होतं, की तो आवाज पत्र्यातून बाहेर ऐकू जाईल याचीच तिला धास्ती वाटत होती.

ही गाडी पूर्वी पाव पोचवायची. बेकरी बंद पडली, तिचा मालक गेला, आणि पत्र्याचा तो डबा थोरलीच्या पदरात पडला. एका सुताराने आत फळ्या ठोकून झोपायला जागा केली, ओटा केला, शिवणयंत्र बसवून दिलं. तो स्वतःही अशाच गाडीत राहायचा, म्हणून जाताना त्याने एक सल्ला फुकट दिला होता. “टकटक झाली ना बाई, की मेल्यासारखं पडायचं. गाडी रिकामी आहे असंच वाटलं पाहिजे. आणि बाहेर कुणी विव्हळलं, रडलं, तरी उघडायचं नाही. माझ्या शेजारच्यानं उघडलं होतं, अंगावरच्या कपड्यांनिशी उरला बिचारा.”

थोरलीने तो सल्ला गाठीला बांधला होता. एकदा रस्त्यावरचा पहारेकरी काठी आपटून, गाडी उचलून नेईन असं बजावून गेला होता. एकदा चार टवाळांनी हसत हसत गाडी गदगदा हलवली होती आणि आत ती यंत्राला मिठी मारून बसली होती. तेव्हापासून ती जीव मुठीत धरूनच जगत होती. खिडक्यांना तिने स्वतःच्या हातांनी जाड काळे पडदे शिवले होते, इतके जाड की आतला प्रकाश बाहेर जाऊ नये… आणि बाहेरचं माणूस आत दिसू नये.

खरं सांगायचं तर थोरली म्हणजे घरातली अव्वल भित्री! लहानपणी दिवा विझला की वडिलांच्या, अण्णांच्या अंथरुणात शिरायची. मोठी झाली, केस पिकायला आले, तरी बाथरूममध्ये पाल दिसली की धाकटीला हाक. अण्णा हसायचे, म्हणायचे, “भित्यापाठी ब्रह्मराक्षस! हिला एकटीला कुठे ठेवायची सोय नाही.” आणि तीच थोरली एके दिवशी पिशवी भरून उभी राहिली. म्हणाली, “मला मोकळं जगायचंय. या दोन खोल्यांत माझा श्वास कोंडतो. तुमची उस्तवार करून कंटाळले मी.”

खोटं… सगळं खोटं! धाकटीच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि ती चौघं राहतं घर सोडून माहेरी आली होती. पोरं दाराच्या फटीत पाय घालून झोपायची. जावई भिंतीला टेकून रात्र काढायचा आणि सकाळी मान अवघडून फिरायचा. चार दिवसांत तो म्हणाला असता, आम्ही निघतो. कुठे निघणार होते ते? कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि मायेनं सांगून गेली असती तर अण्णांनी उंबरठा ओलांडू दिला नसता. म्हणून तिने मायेचा धागा दातांनी तोडला. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “जा,” ते म्हणाले होते, “आणि परत तोंड दाखवू नकोस.”

अण्णांचं ते शेवटचं वाक्य तिच्या काळजात घर करून होतं. पण पाय कुठे निघत होता! गाडी रोज नव्या गल्लीत उभी करायची, आणि प्रत्येक गल्ली घराच्या आसपासचीच. तिथून घराची खिडकी दिसली की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

आणि आता काही दिवसांपासून ही टकटक. पहारेकऱ्यासारखी जोरात नाही, टवाळांसारखी मस्करीची नाही. हळू, थांबून थांबून. कुणी हाक मारत नाही, कोण आहे विचारत नाही. मग पत्र्यावरून तळहात फिरवल्यासारखा आवाज आणि पाय फरफटत दूर जायचे. गल्ली बदलली तरी टकटक हजर! कोणी पाळत ठेवलीय, याची तिला खात्रीच पटली होती. हाक न मारणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, या विचाराने तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

आज टकटक थांबेचना. मग पत्र्यावर काहीतरी जोरात आदळलं… आणि धप्पकन खाली पडलं.

थोरलीने डोळे गच्च मिटले. बाहेरून आवाज आला, “अं… अं…” शब्द नाही, नुसता घशातला आवाज. दारुड्या असेल. नाहीतर सुतार म्हणाला तसला कुणी, विव्हळून दार उघडायला लावणारा. ती पडून राहिली. बाहेर कुणीतरी जमिनीवर नखं ओढत होतं, उठू पाहत होतं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा कोसळत होतं.

‘सोंग असेल,’ तिचं एक मन म्हणालं. ‘आणि नसेल तर?’ दुसरं म्हणालं. कुणाचा तरी बाप असेल, आई असेल, आणि आपण इथे अंगावर पांघरूण ओढून त्याचं मरण ऐकत पडून राहायचं? असला जीव वाचवून तरी काय करायचंय…

ती उठली. कात्री हातात घेतली. कडी काढली. दार सरकलं, आणि रस्त्याच्या दिव्याखाली तिला अण्णा दिसले.

अर्धं तोंड वाकडं झालेलं. उजवा हात लोंबत पडलेला. गुडघा फुटलेला, आणि डोळे मात्र तिच्यावर खिळलेले, तेच डोळे! “अण्णा!” कात्री कुठे पडली तिला कळलंच नाही. “अण्णा, हे काय झालं तुम्हाला? कधी झालं?”

“अं…” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डाव्या हाताने तिचा गाल चाचपला.

गल्लीच्या तोंडातून धाकटी धापा टाकत आली. बापाला रस्त्यात पाहून ती त्यांच्या काखेत हात घालून वाकली. दोघींनी मिळून अण्णांना उचललं, आत फळीवर बसवलं. मग धाकटी बोलायला लागली, थोरलीकडे न बघता.

“अर्धांगाचा झटका आला त्यांना. वाचाच गेली. मी तुला कळवलं नाही. तुला आमची उस्तवार नको होती ना, मग कशाला कळवायचं? चालता यायला लागलं तशी ही गाडी शोधत फिरायला लागले. मी मागून यायचे, कोपऱ्यावर उभी राहायचे. आज पोराला ताप, मला उशीर झाला, तेवढ्यात हे एकटेच निघाले.”

“आणि हाक नाही मारलीस? एक हाक मारली असतीस गं…”

“तू आतच होतीस ना, ताई? आम्हाला वाटायचं, पडद्याआडून बघूनही उघडत नाहीयेस.” धाकटी म्हणाली. “घरी गेल्यावर मी म्हणायचे, अण्णा, तिला आपण नकोत, ती मजेत आहे. तर हे नाही म्हणून मान हलवायचे. छातीवर हात ठेवून तो असा थरथरवून दाखवायचे आणि तुझ्या अंथरुणाच्या जागेकडे बोट करायचे. ती एकटी आहे, ती घाबरत असेल, हेच सांगायचे. तुला घ्यायला नव्हते येत ते. अंधार पडताना तुझ्याजवळ कुणीतरी असावं, म्हणून यायचे.”

ज्या आवाजाने थोरलीचं रक्त गोठायचं, तो तिची सोबत करायला आलेला बाप होता… आणि ती त्याच्यापासून लपून बसली होती! तिने अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.

“मोकळं जगायचंय म्हणून नव्हते गेले मी,” शेवटी ती म्हणाली. “तुम्हाला पाय पसरायला जागा व्हावी म्हणून…”

“कळलं,” धाकटी म्हणाली. “अण्णांना केव्हाच कळलं होतं, मला आत्ता कळलं. पाल बघून किंचाळणारी बाई हौसेनं रस्त्यावर राहायला जाते का, हे माझ्या मंद डोक्यात शिरायला नको? घरी चल, ताई. जागा अजूनही नाही. आमच्या ह्यांना काम लागलंय, पण खोल्या काही वाढल्या नाहीत. एकमेकांच्या अंगावर झोपू. आधी अण्णांच्या गुडघ्याचं बघू.”

थोरलीने डोळे पुसले. अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, धाकटी मागे यंत्राला धरून उभी राहिली. गाडी सुरू झाली तसा अण्णांनी डावा हात आडवा टाकून थोरलीची बाही मुठीत घट्ट धरली, नेमका गिअर बदलायचा हात.

“अण्णा, सोडा ना. गिअर टाकायचाय.”

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

तिने पुन्हा सांगितलं नाही. पहिल्याच गिअरमध्ये पावाची गाडी घरघरत, रखडत निघाली. मागे गाड्यांची रांग लागली, सगळे हॉर्न वाजवू लागले, कुणीतरी ओव्हरटेक करता करता शिवीही हासडून गेला, आणि थोरली तशीच, माणसाच्या चालीनं, घरापर्यंत गाडी नेत राहिली.