आई_शेवटची_नवीन

पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये.

एक पांढरी पाटी. तिला दोरीने बांधलेलं पेन आणि पुसायला जुन्या परकराचा तुकडा.

रक्ताचा नमुना एकदा यंत्रात गेला की परत मिळत नाही. निकाल मिळतो.

घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही. ‘येते’ म्हणायचं.

पंखा लाव.

*

केस पिकायला लागले तरी घरात तिला अजून बबीच म्हणतात. बबी प्रयोगशाळेत रक्त तपासते. निकाल विचित्र आला तर आधी यंत्र बघायचं, मग आपला हात, आणि नमुन्यावर शंका घ्यायची ती सगळ्यात शेवटी. ही तिथली शिस्त तिच्या हाडात मुरलेली. त्यामुळे सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना व्हीसीआर, लॅपटॉप आणि वायरींचा गुंता मांडून ती बसली, तेव्हा भलतंसलतं काही तिच्या गावीही नव्हतं. तिला फक्त आईचा आवाज लॅपटॉपमध्ये हवा होता.

आई समोरच बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती. गळ्याशी रुमाल. घशाच्या ऑपरेशनात आईचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते. एके काळी हीच बाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक मारायची आणि मैदानातली सगळी पोरं घराकडे पळायची, शेजाऱ्यांचीसुद्धा. तो आवाज आता एकाच कॅसेटवर उरला होता. बाबा होते तेव्हा त्यांनी उसन्या कॅमेऱ्याने घेतलेला, घरातलाच एक दिवस. हल्ली बबीला आईचं बोलणं आठवायचं, पण मनात ते ऐकू यायचं नाही. कसं म्हणायची, ते हरवत चाललं होतं.

सकाळी टीव्हीवर लावून पाहिली तेव्हा कॅसेट ठणठणीत होती. “अहो, ते बंद करा आधी. माझा अवतार बघा,” म्हणत तरुण आईने कॅमेऱ्यावर टॉवेल फेकला आणि बबीला रडूच आलं. आईने पाटी पुढे केली होती: ‘बारीक होते ना?’

आई_१

टॉवेल पडला आणि लॅपटॉप अडकला. पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. जेवढी फाइल झाली तेवढी बबीने लावून पाहिली. बाबांचं हसणं होतं. भांड्यांची आदळआपट होती. खाली कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, तेही स्पष्ट होतं. आईचे मात्र नुसते ओठ हलत होते.

“कमाल आहे,” बबी म्हणाली. वायर काढली, पिनेवर फुंकर मारली, परत खुपसली.

स्वयंपाकघराच्या बाजूला कुणीतरी काहीतरी बंद करायला सांगत होतं. शेजाऱ्यांचा टीव्ही. या लोकांना दुपारचंही चैन नाही, असं पुटपुटत तिने कॅसेट मागे फिरवली.

आई_१_नवीन

नवी वायर. कापसावर स्पिरिट घेऊन व्हीसीआरचं पोट साफ केलं. पुन्हा पहिल्यापासून. कॅसेट जितका वेळ चालते तितकाच वेळ बसून राहायचं, घाई चालत नाही. या खेपेला टॉवेलच्या पुढे गेलं, आई कपड्यांच्या घड्या घालायला बसली, कपाळ पुसत छोट्या बबीला काही म्हणाली, आणि चक्र पुन्हा फिरायला लागलं. फाइल लावली. आई मुकीच.

बबीने धाकट्या भावाला फोन लावला.

“ताई, दुकानात देऊन टाक ना.”

“दुकानवाल्याने बाबांच्या निरोपसमारंभाची कॅसेट चघळून परत दिली होती. विसरलास?”

“मग आवाजाचं काहीतरी बंद असेल.”

“बाबा हसतायत ते ऐकू येतं रे. फक्त आई येत नाही.”

“असं कसं होईल? सगळे आवाज एकाच पट्टीवर असतात. तिचा एकटीचा कसा गाळला जाईल?”

“तेच मी तुला विचारतेय, आणि तू मलाच शिकवतोयस.”

“बरं, चिडू नकोस.”

“चिडलेले नाही मी.”

समोर पाटी वर झाली: ‘चिडली आहे.’

बबीने फोन ठेवला.

“बबे, पंखा लाव गं. काय उकडतंय.”

उकडत होतंच. बबी उठली, पंखा लावला, परत येऊन वायरचं दुसरं टोक शोधायला लागली. मग तिला दिसलं की आईच्या हातातली सुई थांबली आहे.

आई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. पाटीवर लिहिलं: ‘आत कोण आहे?’

बबी आत गेली. ओट्यावर पालथी घातलेली भांडी, बंद खिडकी, वाळलेलं फडकं. कुणी नव्हतं.

बाहेर येऊन तिने लॅपटॉपची वायर उपटली, व्हीसीआर सरळ टीव्हीला जोडला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. यंत्र झालं, हात झाला, आता नमुना. टॉवेल पडला, आवाज नाही. सकाळी होता. आई कपाळ पुसत मुलीला म्हणाली, तिथेही नाही. त्याच्या पुढे मात्र, जिथवर लॅपटॉप पोचलाच नव्हता तिथे, आई खणखणीत आवाजात म्हणाली, “बबे, दारात कोण आलंय बघ.”

बबीने घाईघाईने कॅसेट थांबवली.

“बास. उरलंय तेवढं राहू दे,” ती म्हणाली. “जेवढं आत घेईन तेवढं जातंय, आई.”

आईने पाटी घेतली. सुई अभ्र्यात खोचून ठेवली. मग लिहिलं: ‘तुला फक्त ऐकायचंय. मला बोलायचंय.’

आणि तिने स्वतःच वायर लॅपटॉपला लावली. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात.

“आई, नको. संपेल ते.”

आईने कॅसेट थोडी मागे फिरवली आणि बटण दाबलं.

आई_शेवटची_नवीन

लॅपटॉप या वेळी अडकला नाही.

पडद्यावरच्या आईने घड्या बाजूला सारल्या. दाराकडे मान वळवली. ओठ हलले.

“बबे, दारात कोण आलंय बघ.”

आवाज बबीच्या पाठीमागून आला, घरातल्या बोळातून. स्वयंपाकघरापेक्षा जवळून. बेल वाजली नव्हती.

कुणीच उठलं नाही.

पडद्यावर आईने खांद्याला पिशवी अडकवली. चपला घातल्या. उंबऱ्यात उभं राहून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि दोनच शब्द म्हणाली.

खोलीत काही ऐकू आलं नाही.

मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. फाइल जतन झाली, असं लॅपटॉपने कळवलं.

बबी थांबली. आई थांबली. वर पंखा फिरत होता.

“येते हं.”

बंद दाराच्या पलीकडून, जिन्यावरून. निघालेलं माणूस म्हणतं तसं, की पोचत आलेलं माणूस म्हणतं तसं, ते बबीला ओळखता आलं नाही.

आईने तळहाताने पाटी पुसली, टेबलावर पालथी ठेवली, आणि गळ्याचा रुमाल सोडत ती दार उघडायला गेली.

ऑपरेशनसाठी आत नेत होते तेव्हा, स्ट्रेचरवरून मान वळवून, आई दोघा भावंडांना म्हणाली होती, “येते हं.”