मरळीसाठी हलकी काडी

उज्ज्वलानं दुकानात गळाची काडी उचलून वळवली आणि तिच्या शेंड्यानं काउंटरमागच्या पोराची टोपी उडवली. टोपी जाऊन पडली सुतळीच्या गठ्ठ्यावर. पोराचे डोळे मात्र टोपीमागे गेले नाहीत… ते कुठे गेले ते मी पाहिलं. आजी शेजारी उभी असली की तरण्या पोरानं डोळे सांभाळायचे असतात, हे याला कोणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

ढाणकीचा बाजाराचा दिवस होता. बाहेर भुरभुर चालू, आत नव्या ताडपत्रीचा वास. दुकानावर पाटी होती, राठोड जाळी-दोर भांडार. आम्हीही राठोडच. उज्ज्वला माझी नात, उमरखेडला कॉलेजात शिकते आणि जिभेनं माझ्यावर गेली. पाटीवर राठोड वाचल्यावर आमच्या तांड्यातली पोरगी दुकानातल्या पोराला काय म्हणणार? भियाच म्हणणार. भिया म्हणजे भाऊ. आम्हा बंजाऱ्यांत एका कुळाचे सगळे भाऊ-बहीण. राठोडाची पोरगी राठोडाच्या घरी जात नाही, मग तो कुठल्याही तांड्याचा असो.

"लागलं का भिया?"

"नाही… टोपीलेच लागलं."

"हो, टोपीखाली काही असतं तर लागलं असतं."

पोरगा हसला. गालाला खळी पडली. माझी नात खळीकडे न बघण्यासाठी भिंतीवरच्या जाळ्या मोजू लागली.

"माह्या दादीसाठी पाहिजे," ती म्हणाली. "तिचा खांदा दुखते. बांबूचा गळ आता फेकत नाही. आन् तिले फक्त मरळ लागते. मोठी नाही, लहान. अंगावर पट्टे असतात ना, ती… एवढी." तिनं मनगटापासून कोपरापर्यंत हात दाखवला. हात दाखवायची काही गरज नव्हती. मरळ केवढी असते हे जाळीवाल्याला ठाऊक असतं.

त्यानं एक जाडजूड रॉड काढून माझ्या हातात दिला आणि आमच्या बोलीत मला आई, म्हणजे याडी, म्हणाला. "हा घ्या याडी. कटला, रोहू, काहीही ओढते."

"यानं मरळ ओढू का बैल हाकलू?" मी म्हणाले.

पोरगा ओशाळला. मग माळ्यावर चढला, धूळ पुसत दुसरा घेऊन आला. काळा, बारीक, ज्वारीच्या ताटासारखा. त्यावर मुठीएवढं रीळ बसवलं आणि बरोबर रिळाच्या पुढे एका बोटावर सगळं तोललं. काडी ना पुढे झुकली, ना मागे.

"असा तोलला गेला पाहिजे याडी, म्हणजे खांद्यावर वजन येत नाही. आन् हा शेंड्यालाच वाकते, पाहा. जड रॉडवर लहान मासा लागला तर समजतच नाही. हलक्यावर कसं… त्यानं नुसतं तोंड लावलं तरी हाताले कळते."

सांगत मला होता. बघत कुठे होता, ते सांगायला नको.

"आन् तोंड लावून सोडून दिलं तर?" उज्ज्वलानं विचारलं.

"तर थांबाचं. मरळ परत येते."

"लय भरोसा आहे मरळीवर."

"मरळीवर नाही… हलक्या रॉडवर."

ती रीळ घेऊन उजेडात गेली, मूठ फिरवून बघायला. रीळ कुरकुर कुरकुर वाजू लागलं. तेवढ्यात मी हळूच दुकानमालकाची चौकशी केली, "राजकुमार कुठं गेला रे?"

"मामा जेवाले गेले."

मामा. म्हणजे हा राजकुमार राठोडाचा लेक नाही, त्याची बहीण लालीबाई हिचा. लालीबाई पुसदकडच्या तांड्यात पवारांच्या घरी दिलेली. म्हणजे पोरगा पवार. आणि मामाच्या कुळातली पोरगी तर आमच्यात हक्काची.

मी गप्प बसले. का बसले? शेत, म्हैस, भांडं, काहीही घ्यायचं असो, पारख मी करते. पण ज्याला स्वतःचं कुळ सांगायला जीभ उचलत नाही, त्याच्या हाती मी पोरगी देत नाही. त्यानंच सांगावं. अर्थात त्याचंही अवघड होतं. पहिल्याच भेटीत पोरीला 'मी तुझा भाऊ नाही' म्हणणं म्हणजे काय म्हणणं, हे तांड्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

"नाव काय तुझं?" उज्ज्वलानं निघताना विचारलं.

"लखन."

"बरं लखन भिया, काडी मोडली तर परत आणीन."

लखननं तोंड उघडलं… आणि मिटलं. अगदी मरळीसारखं.

काडी मोडली नाही. तरी लखन आमच्या तलावावर आला. म्हणे, याडीले रबरी बेडूक कसा फेकाचा ते दाखवतो. गळाला लावायचा तो खोटा बेडूक त्यानं शेवाळावरून असा नाचवला, की खरा असता तर लाजला असता. मी दगडावर बसून फेकायला शिकले. खांदा दुखला नाही, नुसतं मनगट हलवायचं. उज्ज्वलाला मात्र काही केल्या जमेना. वीस वर्षांची पोरगी, स्कूटी पाण्यातून काढते, आणि एवढीशी काडी जमेना. लखनला तिचं मनगट धरून दाखवावं लागलं.

"ढिली धर," तो म्हणाला. "दोर बारीक आहे. मासा पळाला की जाऊ द्याचा. रीळ सुटू द्याचं. ओढलं का तुटते."

"मंग हाती काय येते?"

"तोच येते. थकल्यावर."

एकदा तिनं कडेच्या लाल घोळक्याकडे नेम धरला. पाण्याच्या वर हजार ठिपके वळवळत होते. लखननं झटकन काडीवर हात ठेवला. "तिथं नको. पिल्लं आहेत. खाली दोघं राखण करून राह्यले, माय आन् बाप. त्यांना धरलं तर पिल्लं कोणी वाचत नाही."

उज्ज्वला त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच. मी पदरात तोंड लपवून खोकले. पोरगा बरा होता. पण कुळ काही सांगत नव्हता.

श्रावण लागला. आमच्या घरी श्रावणात मासा शिजत नाही, म्हणून काडी दाराआड उभी राहिली. लखन तरी येतच होता, रिळाला तेल घालायला. आणि इकडे तांड्यात तीज बसली. तीज म्हणजे आमच्या कुवार पोरींचा सण. दुरडीत माती घालून गहू पेरायचे, आळणी खायचं, गाणी म्हणत पाणी घालायचं. शेवटच्या दिवशी ती पिवळी रोपं उपटायची आणि आपल्या भावांच्या पागोट्यात, टोपीत खोवायची. ज्याच्या डोक्यावर पोरीनं तीज खोवली, तो भाऊ. त्या दिवसानंतर ते कोणी पुसू शकत नाही, मीही नाही आणि तांड्याचा नायकही नाही.

"तेल घालाले आला का?" मी लखनला दारातच धरलं. "काडी दाराआड आहे. तू दुरड्यांकडं काय पाहून राह्यला?"

"गहू चांगला आला याडी."

"चांगलाच आला. उज्ज्वला म्हणे, यंदा एक भिया जास्तीचा आहे."

त्याच्या हातातली तेलाची बाटली कलंडली. एवढं बोलून मी आत गेले. याहून जास्त सांगणं म्हणजे माशाच्या तोंडात हातानं गळ घालणं.

तीज मोडायच्या दिवशी सगळा तांडा तलावावर. बाया गात होत्या, पोरी रडत होत्या, पोरींचे भाऊ ओळीनं उभे. लखनही आला होता, दूर बाभळीपाशी. ऊन असून डोक्यावर टोपी नव्हती. मी मनात म्हटलं, टोपी घरी ठेवून सुटका होते का रे बाबा, कानामागेही खोवता येते.

उज्ज्वलानं आपल्या भावांना तीज खोवली, चुलत्याच्या पोरांना खोवली. मग मूठभर रोपं घेऊन सरळ बाभळीकडे निघाली. हिरवी ओढणी, ओले हात. तिनं हात वर केला. आता मीच ओरडते, म्हणून मी दगडावरून उठलेही…

"थांब," लखन म्हणाला.

"काहून? टोपी नाही म्हणून? कानात खोवते ना भिया."

"मी राठोड नाही."

"मंग कोण आहे?"

"पवार." आवाज आधी बारीक निघाला. मग त्यानं मान वर केली आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा म्हणाला, "मी पवार आहो. दुकान मामाचं आहे. मी तुझा भाऊ नाही उज्ज्वला. मले व्हाचंही नाही."

गाणं थांबलं. बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या. कोणीतरी फिसकन हसलं. लखनचे कान पळसाच्या फुलासारखे लाल.

उज्ज्वलाचा हात अजून वरच होता. "हे पहिल्या दिवशी सांगता येत नव्हतं?"

"सांगतलं असतं तर तुले काहीतरी वाटलं असतं."

"काय वाटलं असतं?"

"आता जे वाटून राह्यलं… तेच."

तिचा हात हळूहळू खाली आला. रोपं तशीच मुठीत घेऊन ती माझ्याकडे आली. माझ्या हातात, तेल घालून घ्यायच्या निमित्तानं आणलेली, तीच काळी काडी होती. उज्ज्वलानं रिळाच्या वर, मुठीपाशी रोपं खोवली.

"मंग हिलेच खोवते. आमची भेट हिनंच करून दिली."

बायांनी पुन्हा गाणं धरलं, या वेळी जरा वरच्या पट्टीत.

दसऱ्यानंतर लालीबाई आणि तिचा नवरा रीतसर आले. नायक बसला, पंच बसले, गूळ वाटला. मी एकच अट घातली. पोरगी न्या, काडी माझ्याकडे राहील.

पाहुणे गेल्यावर उज्ज्वला ओसरीत रिळावरचा दोर पुसत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. "खरं सांग व. तुले माहीत होतं ना, तो पवार आहे म्हणून?"

"कॉलेजात पुसदच्या पोरी आहेत दादी. लालीबाईच्या घराशेजारी राहतात."

"मंग तीज घेऊन कायले गेलती? त्यानं तोंड उघडलं नसतं तर?"

तिनं रिळाची मूठ फिरवली. कुरकुर, कुरकुर.

"दोर बारीक होता," ती म्हणाली. "ओढला असता तर तुटला असता."

मी काडी तिच्या हातातून घेतली आणि एका बोटावर तोलून पाहिली. झुकली नाही. पारख माझ्यावरच गेली पोरीची.