खड्ड्यातले साहेब

लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी साहेबांना कचेरीत सगळे पाठीमागे ‘उद्यासाहेब’ म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. त्या जुन्या इस्पितळाची लिफ्ट उतरताना करकरते, अशी तक्रार येऊन कितीतरी दिवस झाले होते. पण लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं म्हणजे कपडे वंगणाने माखणार. “बघू उद्या,” म्हणत त्यांनी ते घोंगडं भिजत ठेवलं होतं.

त्या दुपारी ते त्याच इस्पितळात घरच्या कामाला आले होते. ऑपरेशन झालेल्या थोरल्या बहिणीला घरी न्यायचं होतं. लिफ्ट वर गेलेली. जाळीच्या दारापाशी बसलेला वॉचमन त्यांना पाहून चरकलाच.

“साहेब... तुम्ही खड्ड्यातून बाहेर कधी आलात?”

“मी कशाला उतरतोय तिथे?”

“सकाळी मीच शिडी दिली की. टॉर्चसुद्धा माझीच नेलीत. म्हणालात, लिफ्ट चालू दे, आवाज ऐकायचाय...”

साहेब हसले. त्याला डुलकी लागली असणार. पण जाळीतून वंगणाचा, ओल्या सिमेंटचा कुबट वास आला. खाली अंधारात उजेडाचा एक ठिपका हलत होता. ठक... ठक... कुणीतरी लोखंड ठोकून पाहत होतं. मग आवाज आला. त्यांचाच, तसाच नाकातला.

“हलवू नका तिला... दोर सुटतोय...”

साहेबांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात वरून बहिणीची हाक आली.

“बाळ्या, आले रे! सिस्टर खुर्ची आत घेतायत!”

“ताई, थांब! आत जाऊ नकोस!”

ओरडतच ते जिना चढले. चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक लिफ्टमध्ये गेलंच होतं. त्यांनी खुर्ची मागे खेचली आणि रिकामी लिफ्ट धाडकन खाली गेली. अख्खी इमारत हादरली. आपल्या चालढकलीपायी आज ताई गेली असती, या विचाराने त्यांना रडू फुटलं. बहिणीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

तिला खाटेवर निजवून ते खाली आले. चेपलेल्या लिफ्टने खड्डा गच्च भरला होता. खाली माणूस असता तर त्याचा चेंदामेंदा झाला असता. वॉचमनने बोट दाखवलं. फटीतून टॉर्चचा उजेड येत होता.

ठक... ठक...

“कोण... कोण आहे खाली? बाहेर ये!”

ठोकणं थांबलं. कुणीतरी सावकाश जांभई दिली.

“येतो की...” त्यांचाच आवाज म्हणाला, “उद्या.”