मनोऱ्यातली फीत

दार लोटून घ्या, वारा येतोय. आणि ज्याला पाणी प्यायचंय त्याने आत्ताच पिऊन घ्यावं, मधेच कोणी उठायचं नाही.

ही माझ्या मित्राच्या मुलीची गोष्ट. बावीस वर्षांची घोडी झाली, तरी घरात तिला चिऊच म्हणतात. वास्तुकला शिकायला ती एका जुन्या राजधानीच्या शहरात गेली होती. वर्गातल्या प्रत्येक जोडीला तिथली एकेक नावाजलेली वास्तू अभ्यासाला दिलेली. कोणाला नदीवरचा पूल, कोणाला राजवाड्याचा दरवाजा. चिऊच्या वाट्याला पहाऱ्याचा दगडी मनोरा आला आणि जोडीला मास्तर. म्हणजे वर्गातलाच मुलगा हो, पण न विचारता समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर.

नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशे द्यायचे आणि चिऊचा नकाशा काही केल्या जुळेना. वरच्या खोलीची मागची भिंत कागदावर भलतीच जाड येत होती. चार दिवस पोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"तूच चुकली असशील," मास्तर म्हणाला. "चल, परत मापू."

"मी चुकले? फीत कोण वाकडी धरतं?"

भांडत भांडतच दोघं दिवेलागणीला मनोऱ्यावर पोचले. तळाशी तिकिटं देणाऱ्या बाई ओळखीच्या झालेल्या. "उरका लवकर, मला भूक लागलीय," एवढंच म्हणाल्या.

वरची खोली जिन्याभोवती वळलेली. एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसत नाही. वर गेल्यावर मास्तरने कपाळावर हात मारला. "नकाशाची फळी समोरच्या हॉटेलातच राहिली! आलोच घेऊन." आणि तो धडधडत खाली गेला.

चिऊने मापाच्या चक्रीचा पट्टा मनगटात अडकवला, फितीचं टोक पलीकडे सरकवून ठेवलं आणि वाट बघत बसली. उठली. खिडकीशी गेली. परत आली. याला एवढा वेळ का लागतोय?

तेवढ्यात फीत जराशी हलली.

"आलास? धर टोक. मागच्या भिंतीला लाव."

फीत ताणली गेली.

"जरा वर."

वर गेली.

"अजून... हां, बस."

अगदी हव्या त्या उंचीला. चिऊला नवल वाटलं. एवढ्या निमूटपणे हा कधीपासून ऐकायला लागला? तिने आकडा बघितला. खोली जेमतेम पाच मीटरची. फितीवर नऊ.

"मास्तर, चेष्टा पुरे हं. नीट धर."

खिशातला फोन वाजला. मास्तरचा.

"अगं, घोळ झाला. बाईंना वाटलं, आपण दोघं गेलो. दाराला कुलूप लावून जेवायला गेल्यात. मी खाली रस्त्यावर उभा आहे."

चिऊने फितीकडे बघितलं.

"चिऊ? ऐकू येतंय का?"

फीत ताणलेलीच होती.

मग फीतच पुढे सरकू लागली. हळूहळू. चक्रीतून सुटत. दहा... बारा... पंधरा... चिऊने पट्टा काढायला घेतला. निघेना. मनगटावर आवळलेला. चक्री रिकामी झाली. एक हिसका बसला. तिचा पाय सरकला. आणखी एक हिसका. ती जिन्याचा कोपरा वळली.

फोनच्या उजेडात तिने बघितलं.

तिथे कोणी नव्हतं. पिवळी फीत सरळ भिंतीपर्यंत गेलेली. आणि... भिंतीत.

भिंत हातभर अंतरावर आली. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, आतापर्यंत ज्या आवाजात सांगत होती त्याच आवाजात ती म्हणाली,

"झालं. माप झालं. सोड."

काहीच नाही...

"सोड ना."

फीत सैल पडली.

बाई आणि मास्तर धापा टाकत वर आले तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी बसली होती. मनगट काळंनिळं. मास्तर भिंतीजवळ गेला. दगडांच्या मधे शतकांपूर्वीचा चुना, सुईसुद्धा शिरणार नाही, आणि त्यातून फीत बाहेर लोंबत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही समजावून सांगता येईना. त्याने फितीला हात घातला.

"ओढू नका!" बाई ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "कापा. कापून टाका."

बाईंनीच कापली. घाईघाईत, तिरकी. भिंतीबाहेर हातभर तुकडा राहिला तो राहिलाच.

चिऊ महिन्याभरात घरी आली. शिक्षण इथेच पुरं केलं. मास्तर अजून तिथेच आहे. मनोऱ्यावर पुन्हा जायचं नाही असं तिने त्याला बजावलं होतं, पण ऐकेल तो मास्तर कसला? गेल्या महिन्यात वर जाऊन आला आणि तिला फोटो पाठवला. मी स्वतः बघितलाय.

कोणी हात लावलेला नाही. खाली कापलेली कड तशीच आहे, तिरकी.

हातभर होती ना? आता बोटभर उरलीय.