डाव्या डोळ्याच्या कडेला विजया

मला अख्खी सोसायटी थापाडी म्हणते. म्हणू दे. देवगडच्या खाडीत मी मगरीच्या नाकावर वल्हं हाणलं होतं, असं नातवंडांना सांगते. ते खोटंच आहे.

ही गोष्ट खोटी असती तर बरं झालं असतं.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. सिल्वासात, आमली भागात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घडलं. मार्चमधला रविवार. दुपारचे सव्वातीन. सायली गावच्या कारखान्यांतून पहिली पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसेस खालून जात होत्या.

माझा धाकटा भाऊ प्रभाकर, निवृत्त शाळामास्तर, चहा प्यायला बसला. डाव्या हाताशी ठेवलेला पेला त्याने कोपराने पाडला.

"मास्तर, डोळे कुठे आहेत?" मी म्हटलं.

"आक्का, पेला दिसलाच नाही गं."

आदल्या दिवसापासून त्याच्या डाव्या डोळ्यात काजवे चमकत होते. काळे ठिपके तरंगत होते. पित्त असेल, असं मी म्हटलं. शेजारच्या उषाबेन म्हणाल्या, "मोबाइल ओछो जुओ, मास्तर!" मोबाइल कमी बघा म्हणे.

प्रभाकरने हाताने उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याने समोर बघितलं. डावीकडची कड काळी होती. दार अर्धं लोटल्यावर दिसतं तसं.

आणि त्या काळ्यात...

हात होता.

बाईचा हात. मनगटात हिरव्या बांगड्या. बोटं काहीतरी निवडत होती. कानाला बारीक आवाज येत होता. सुपात तांदूळ सरकवल्याचा.

प्रभाकरने मान वळवली. तिथे भिंत. कॅलेंडर. बाकी काही नाही.

पण त्याने हात ओळखला होता. करंगळीवर भाजल्याचा डाग होता.

विजयाचा हात.

विजया त्याची बायको. एप्रिल दोन हजार एकवीसमध्ये गेली, करोनात. अकरा दिवस वॉर्डात होती. प्रभाकरही पॉझिटिव्ह, घरात कोंडलेला. रोज फोनवर एकच निरोप. पालथं झोपवलंय, ऑक्सिजन चालू आहे. बाराव्या दिवशी स्मशानाच्या फाटकापाशी लांबून त्याला एक पांढरी पिशवी दाखवली. वर पट्टी चिकटवलेली, पट्टीवर नाव.

तोंड दाखवलं नाही.

"एकदा बघू द्या हो," म्हणाला होता. कुणी ऐकलं नाही.

चार वर्षं हा माणूस जेवत होता, पेपर वाचत होता, पण एकदाही मोकळेपणी रडला नव्हता. तोंड न बघता रडायचं कसं, असं म्हणायचा.

सोमवारी मी त्याला डॉक्टरकडे नेलं. त्याची मुलगी धनश्री कचेरीच्या ट्रेनिंगला दमणला होती. गुरुवारी रात्री येणार होती.

डॉक्टरने थेंब घातले, दिवा मारला, बराच वेळ बघितलं.

"सर, एकाच डोळ्याची कड जायला कारणं पुष्कळ. काचबिंदू असतो, पण तो गुपचूप वर्षानुवर्षं खातो. नस सुजते. रक्तवाहिनी तुंबते. मेंदूतलं असलं, तर बहुतेक दोन्ही डोळ्यांची बाजू जाते. तुमचा आतला पडदा सुटलाय. भिंतीचा पोपडा सुटतो ना, तसा."

"मग?"

"मधला भाग अजून शाबूत आहे. माणसांची तोंडं त्याच्यावर दिसतात. आज-उद्या वापीला ऑपरेशन केलंत तर वाचेल. अंधार मध्यापर्यंत आला, की माझ्या हातात काही नाही."

 घरी आल्यावर प्रभाकरने खुर्ची गॅलरीच्या दाराशी ओढली. उजवा डोळा झाकला. बसला.

"बॅग भरू का रे?"

"आक्का... आज कोपरापर्यंत दिसतेय."

मला कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. अंधार आत सरकतो, तशी तीही आत सरकते. काल हात होता. आज कोपर. उद्या खांदा दिसेल.

"अजून दोन-तीन दिवस. तोंड येईल समोर. एकदा बघतो. मग काय कापायचं ते कापू दे."

"डोळा जाईल रे, बाबा!"

"जाऊ दे. दुसरा आहे की."

मी त्याला हिसकून न्यायला हवं होतं. मोठी बहीण आहे मी. पण त्याच्या चेहऱ्यावर चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. संध्याकाळी धनश्रीचा फोन आला.

"आत्या, काय म्हणाले डॉक्टर?"

"वापीची शुक्रवारची तारीख मिळालीय. घाई नाही म्हणाले."

"नक्की ना? की तुझं नेहमीचं?"

"तुझ्या बापाची शपथ," मी म्हटलं.

खोटी शपथ घेतली मी. त्याच्या नावाने.

मंगळवारी खांदा आला. पोपटी साडी. बुधवारी मान, कानातली कुडी, कानामागे सुटलेले केस. प्रभाकर त्या दिवशी खुर्चीतच जेवला. मध्येच हसला. "अजून रागावलीय. वळत नाही," म्हणाला.

गुरुवार. दुपारचे सव्वातीन.

मी स्वयंपाकघरात होते. उषाबेनचा टीव्ही बंद. खाली बसेसचा आवाज नाही. कावळासुद्धा नाही.

त्या शांततेत मलाही ऐकू आलं...

सूप.

आमच्या घरात सूप नाही. तिच्यामागून मी ते देऊन टाकलं.

मग सूप थांबलं.

"वळली," प्रभाकर पुटपुटला. "आक्का, वळली..."

मी दाराशी धावले. तो समोर बघत होता. 

तिला तोंड नव्हतं, हे त्याने मला मागाहून सांगितलं.

खाली पोपटी साडी, मानेवर केस... आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं प्लास्टिक. घट्ट. पट्टी चिकटवलेली.

आणि तोंडाच्या जागी ते प्लास्टिक...

आत-बाहेर होत होतं.

प्रभाकरने उजव्या डोळ्यावरचा हात काढला. दोन्ही हात पुढे केले. रिकाम्या हवेत नखांनी काहीतरी ओरबाडू लागला.

"थांब गं... थांब... सोडतो... आत्ता सोडतो..."

मी त्याला मागून कव घातली. साठी उलटलेला माणूस, माझ्या हातात लहान पोरासारखा धडपडत होता.

मग एकदम थांबला.

"गेली. काहीच नाही आता. नुसतं काळं."

शुक्रवारी धनश्रीने वापीला नेलं. माझी थाप तिला कळली होती; गाडीत ती माझ्याकडे पाठ करून बसली. ऑपरेशन झालं. पडदा बसला, डोळ्यात गॅस भरला. घरी सात दिवस पालथं झोपायचं, तोंड खाली.

पहिल्या दिवशी उशीतून त्याचा आवाज आला.

"आक्का, तिलाही असंच ठेवलं होतं ना?"

"हो रे."

"श्वास कोंडतो गं असं."

थोड्या वेळाने म्हणाला, "पिशवीत घालताना... चालू असेल का तिचा?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्याचा डावा हात खाटेखाली लोंबत असायचा. झोपेत बोटं चालायची. ओरबाडल्यासारखी.

पाचव्या सकाळी मी त्याचे हात पुसत होते. अंगठ्याच्या नखात काहीतरी अडकलं होतं. सुईने काढलं.

पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा. त्याला चिकटपट्टीची कड.

त्यावर निळ्या शाईत अर्धं अक्षर होतं. 'वि'ची वेलांटी म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

धनश्रीला दाखवला नाही. दमणगंगेत सोडायला म्हणून दोनदा पुलापर्यंत गेले. दोनदा परत आले. टाकवत नाही. घरात ठेववतही नाही.

आता त्याच्या डोळ्याची कड परत आलीय. डावीकडचा पेला दिसतो. मधलं गेलं. त्या डोळ्याने सरळ बघितलं, की समोरच्याला धड असतं, हात असतात, तोंड नसतं. डॉक्टर म्हणतात, मधला भाग गेला की असंच दिसतं.

असेल.

परवा दुपारी मी त्याच्या समोर बसले होते. त्याने उजवा डोळा झाकला. माझ्याकडे टक लावून बघितलं. बराच वेळ. मग हळूच विचारलं,

"विजया... सुटली का गं पट्टी?"