मोटार जळू नये म्हणून

खडकमाळात आता कुणाची मोटार जळत नव्हती. जळलेल्या मोटारी भरून देणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याने दुकान बंद करून चहाची टपरी टाकली होती, आणि तीही गिऱ्हाइकाअभावी बंद पडली होती. मोटारी शाबूत होत्या, फक्त पाणी येत नव्हतं.

रेवती सकाळपासून मामांच्या बोअरभोवती येरझाऱ्या घालत होती. बोअरमध्ये बुडवून ठेवायचा हा शहाणा पंप तिनेच घडवला होता आणि पहिला नग कौतुकाने मामांकडे बसवला होता. आज ओसरीवर गाठोडी बांधलेली होती, गोठा रिकामा होता. मामा-मामी मुलाकडे शहरात निघाले होते. गावातलं हे शेवटचं बिऱ्हाड.

"बोअरात दोरी सोडून बघितली," मामा म्हणाले. "पार वरपत्तर वली निघाली. पानी हाय, मंग तुझी मोटार उचलत का न्हाई?"

"ती जपते स्वतःला, मामा."

तिने समजावून सांगितलं. बोअरमधल्या मोटारीला भोवतालचं पाणीच गार ठेवतं. पाणी सरल्यावरही ती फिरत राहिली तर जळते. म्हणून हा पंप थोडं पाणी स्वतःसाठी राखतो, त्याखाली उपसत नाही. या पातळीला रेवतीने 'राखण' नाव दिलं होतं. राखण किती ठेवायची हे पंप अनुभवाने शिकतो. शिवाय खडकातल्या पाण्यातून बारीक हिसके देत तो इतर पंपांना आपला अनुभव कळवतो. त्याला ती 'कुजबूज' म्हणायची.

"मंग कुजबुजल्या काय त्या?"

रेवतीला सांगवेना, पण सांगितलं. "पलीकडच्या वाडीतली माणसं उठून गेली ना? तेव्हापासून तिथल्या मोटारी ठणठणीत आहेत. माणसं नसली की मोटार जळत नाही, हे इथल्या मोटारींना कळलं. त्यांनी राखण वर वर नेली."

"म्हंजी आमी गेलो की ती खूश!"

"तिला खुशी-नाखुशी नसते हो. जळायचं नाही, एवढंच तिला ठाऊक आहे."

"मंग बदल की ते."

"आत शिरायला वाटच ठेवली नाही मी." रेवतीचा आवाज चढला. "तापून बंद पडलेली मोटार स्टार्टरात काडी खुपसून चालू ठेवायचं कोण, मामा?"

मामा कसनुसे हसले. "मीच की. समदं गावच खुपसायचं."

"वाट ठेवली असती तर तिथेही काडी गेली असती. आणि आता वीजही याच पंपांना मिळते, दुसरा बसवायची सोय नाही."

तिला स्वतःचाच राग आला. पंप घडवण्याआधी ती याच ओसरीवर, मोटार कशी हवी ते विचारायला बसली होती. मामा तेव्हा म्हणाले होते, 'पानी येईल न्हाई तर जाईल, पोरी, पर मोटार जळू दिऊ नगं.' तोच तिने पहिला नियम केला होता. पाणी द्यायचं, हा दुसरा.

मामींनी देवाला हात जोडले, कुलूप लावलं. गाठोडी ट्रॅक्टरवर चढली. दोन दिवस आवराआवरीत मामांनी बोअरच्या बटणाला हात लावला नव्हता. ट्रॅक्टर बांधापर्यंत गेला असेल, तोच मागून पाण्याचा आवाज आला.

हौदात धो धो पाणी पडत होतं.

"आलं! अगं हंडा आन!" मामा उडी टाकून धावत सुटले. मामीही धावल्या. रेवतीच्या मात्र लक्षात आलं. पडून राहिलेली मोटार आतून धरते, जाम होते, म्हणून दोन दिवस कुणी बटण दाबलं नाही, मागणारं कुणी नाही अशी खात्री झाली की पंपाने आपणहून थोडं फिरून घ्यायचं, ही सोयही तिचीच होती.

"मामा, बटणाला हात लावू नका!" ती ओरडली.

पण जन्माची सवय. पाणी थांबू नये म्हणून मामांनी जाता जाता बटण दाबलं.

धार बारीक झाली आणि थांबली. मामींचा हंडा पाव भरला होता. मामा पाइपला कान लावून कितीतरी वेळ उभे राहिले.

मग त्यांनी काळजीने विचारलं, "पोरी, जळाली तर न्हाई ना?"

"नाही, मामा," रेवती म्हणाली. "ती अगदी चांगली आहे."