एकेचाळीस किलो

भुताला भिणारा माणूस वर्कशॉपात टिकत नाही, असं लेथवाले मिस्त्री छाती पुढे काढून सांगायचे. पाल दिसली की मात्र स्टुलावर चढायचे.

त्या दुपारी ते प्रयोगशाळेत गेले ते नुसतं चालायला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक पोरगी म्हातारी माणसं कशी चालतात ते मोजत होती. जमिनीत ओळीने बसवलेल्या पाच लोखंडी प्लेटा. पाऊल पडलं की किती भार पडला ते पडद्यावर दिसायचं. नऊ म्हातारे चालून झाले होते. दहावा नसेल तर सर तिचं काम पुढे पाठवणार नव्हते, आणि मुदत उद्याची. म्हणजे पोरीची सगळी भिस्त मिस्त्रींवर. देव तिचं भलं करो.

चालण्याआधी रिकाम्या प्लेटवर शून्य यावं लागतं. दोन फेऱ्यांना आलं. तिसऱ्या वेळी मिस्त्री भिंतीला टेकून उभे, आणि पहिल्या प्लेटवर एकेचाळीस किलो.

पोरगी वैतागली. गेल्याच आठवड्यात या गृहस्थांनी प्लेटखाली वॉशर सरकवून तिला तासभर रडवलं होतं. तिने वाकून पाहिलं. काही नव्हतं. पंखा बंद होता, तरी गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास हळूच फिरून गेला...

मिस्त्रींचं हसू ओठातच विरलं. बायको गेली त्याआधीच्या शेवटच्या महिन्यात तिला उचलून वजनकाट्यावर त्यांनीच उभं केलं होतं. एकेचाळीस. जन्मभर हे झपझप पुढे आणि ती लंगडत मागे, "अहो, थांबा की जरा" म्हणत. ती तसं म्हणाली की हे मुद्दाम आणखी ढांगा टाकायचे. गंमत म्हणून.

आकडा शून्यावर यायची वाट न बघता ते निघाले, आणि या फेरीला चालले आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश. मधल्या प्लेटवर आले तेव्हा पोरीचा श्वास अडकल्याचा आवाज आला. पडद्यावर पावलं दोघांची उमटत होती. दुसरी हलकी, डावा पाय जपून टाकलेला.

"भिऊ नकोस गं," मिस्त्री न वळता म्हणाले. "काकू आहे तुझी. सवयच तिला, माझ्या मागे मागे यायची... ही फेरी खोडून टाक. मी पुन्हा पहिल्यापासून चालतो, तुझं काम अडायला नको."

पोरीचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"मागे नाहीत, काका... त्या शेवटच्या प्लेटवर आहेत. थांबल्यात."